जर्नलचं आखूड नाव नेमकं कसं लिहायचं आणि आखूड नावावरून पूर्ण नाव कसं शोधायचं

प्रबंध लिहिताना सगळ्यात शेवटी हात लागतो तो संदर्भसूचीला. तोवर सबमिशनची तारीख डोक्यावर आलेली असते, तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर टायपिंगवाल्यासमोर रांग असते आणि गाईडची सही तेवढी बाकी असते. मग एकाच सूचीत एकच जर्नल तीन तऱ्हांनी उतरतं. एका ठिकाणी ‘इंडियन जे. ॲग्री. साय.’, दोन पानांनी ‘इंड. जर. ॲग्रिल. सायन्स’ आणि आणखी पुढे नुसतं ‘आयजेएएस’. तिन्हीचा अर्थ लिहिणाऱ्याला ठाऊक असतो. पण उद्या धारणीच्या किंवा कुरखेड्याच्या महाविद्यालयातली एखादी मुलगी तो संदर्भ शोधायला बसली, तर तिला ही तीन वेगळी जर्नलं वाटतील आणि एकही सापडणार नाही. मूळ लेख वाचणाऱ्याच्या हाती लागला नाही तर संदर्भ दिल्याचा उपयोग काय?

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. इथे संक्षेप उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. सूचीत ते रोमन अक्षरांतच लिहायचे. जिथे एखाद्या अक्षराने फरक पडतो तिथे स्पेलिंग फोडून दिलं आहे.

आधी पद्धत ठरवा

संक्षेपाची पद्धत एक नाही, त्यामुळे ‘बरोबर संक्षेप कोणता’ असं नुसतं विचारून उत्तर मिळत नाही. ज्या जर्नलला लेख पाठवायचा त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना, किंवा विद्यापीठाची प्रबंधाची नियमावली, आधी उघडा. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, पद्धत मागितली असेल तर संक्षेप करायचाच नाही, पूर्ण नाव लिहायचं. वैद्यकशास्त्रातली व्हँकुव्हर पद्धत असेल तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे, म्हणजे एनएलएमचे, संक्षेप लागतात आणि त्यांत टिंबं नसतात. अमेरिकन केमिकल सोसायटीची पद्धत असेल तर ‘कॅसी’ या सूचीतले संक्षेप. नुसतं ‘प्रमाण संक्षेप द्या’ एवढंच म्हटलं असेल तर आयएसओ 4 हे आंतरराष्ट्रीय मानक धरा. गणितवाल्यांची अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने केलेली वेगळी यादी आहे, तीही मोफत मिळते.

फरक किती पडतो त्याचं एक उदाहरण. ‘आंगेवान्ड्टे केमी’ या जर्मन रसायनशास्त्राच्या जर्नलची इंग्रजी आवृत्ती आयएसओप्रमाणे ‘आंगेव. केम. इंट. एड.’ अशी लिहितात. कॅसीत ‘केम.’नंतर स्वल्पविराम येतो. एनएलएममध्ये टिंबं जातात आणि शेवटी ‘एंगल’ जोडलं जातं. वेब ऑफ सायन्स या संशोधनलेखांच्या डेटाबेसमध्ये ‘एड.’चं ‘एडिट’ होतं. चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एकाच सूचीत चार पद्धती मिसळल्या की.

शब्द सुटा करा, यादीत पाहा

आयएसओ 4 चा पाया म्हणजे एलटीडब्ल्यूए नावाची शब्दसंक्षेपांची यादी. आयएसएसएन म्हणजे प्रत्येक नियतकालिकाला मिळणारा ओळख-क्रमांक; तो देणारं पॅरिसचं आयएसएसएन आंतरराष्ट्रीय केंद्र ही यादी सांभाळतं. त्यांच्या संकेतस्थळावर ती मोफत शोधता येते आणि उतरवूनही घेता येते. गावाकडे नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून महाविद्यालयात बसूनच ती एकदा उतरवून फोनमध्ये ठेवा. पुढचं बहुतेक काम नेटशिवाय होतं.

‘जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ सॉइल सायन्स’ हे नाव घेऊ. पहिल्यांदा ‘ऑफ’, ‘द’, ‘अँड’, ‘फॉर’, ‘इन’ असले जोडशब्द काढून टाका. उरले पाच शब्द: जर्नल, इंडियन, सोसायटी, सॉइल, सायन्स. आता एकेक यादीत पाहा. ‘जर्नल’चा ‘जे.’ होतो. ‘इंडियन’ आखूड होत नाही, पूर्ण राहतो. ‘सोसायटी’चा ‘सोस.’ (एस-ओ-सी). ‘सॉइल’ पूर्ण. ‘सायन्स’चा ‘साय.’ (एस-सी-आय). क्रम बदलायचा नाही, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायचं आणि जो शब्द कापला त्याच्याच मागे टिंब द्यायचं. ‘सॉइल’ आणि ‘इंडियन’ कापलेले नाहीत, म्हणून त्यांच्यामागे टिंब येत नाही. तयार झालं: ‘जे. इंडियन सोस. सॉइल साय.’

‘इंडियन’चा ‘इंड.’ करणं ही आपल्याकडची सगळ्यात पसरलेली चूक आहे. तसं लिहिलं की वाचणारा ‘इंडस्ट्रियल’ समजू शकतो.

यादी वाचताना दोन खुणा कळायला हव्यात. शब्दाच्या शेवटी छोटी आडवी रेघ असेल तर ते फक्त मूळ आहे: ‘ॲग्रिकल्चर-’ अशी नोंद दिसली तर त्या मुळापासून सुरू होणाऱ्या सगळ्या शब्दांना तोच संक्षेप लागतो. म्हणून ‘ॲग्रिकल्चर’ आणि ‘ॲग्रिकल्चरल’ दोन्हींचा ‘ॲग्रिक.’ होतो. संक्षेपाच्या रकान्यात ‘एन. ए.’ असेल तर तो शब्द कापायचाच नाही. आणि शब्द यादीत मुळीच नसेल, तर तो पूर्ण लिहायचा. स्वतःच्या मनाने कापायचा नाही, हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

एकशब्दी नाव कधीच आखूड होत नाही. ‘नेचर’, ‘सायन्स’, ‘प्रमाण’, ‘युफायटिका’ जशीच्या तशी. ‘द लॅन्सेट’मधला ‘द’ गेला की एकच शब्द उरतो, म्हणून तेही ‘लॅन्सेट’च. गंमत अशी की ‘सायन्स’ एकटा असला तर पूर्ण राहतो आणि ‘करंट सायन्स’मध्ये मात्र तो कापला जातो: ‘कर. साय.’ (‘कर.’मध्ये आर दोनदा).

नावातच आद्याक्षरं असतील तर ती फोडायची नाहीत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या ‘पीकेव्ही रिसर्च जर्नल’चा संक्षेप ‘पीकेव्ही रेस. जे.’ होतो. विद्यापीठाचं नाव आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असं लिहितात म्हणून जर्नलच्या नावात ते घुसवू नका. संदर्भात ग्रंथालयाच्या कपाटातल्या अंकावर छापलेलं नाव येतं, संस्थेचं आजचं नाव येत नाही.

हाताला लागलेल्या चुकीच्या सवयी

विदर्भातल्या प्रबंधांत, विशेषतः शेतीविषयक प्रबंधांत, काही संक्षेप पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे चालत आले आहेत. जुन्या प्रबंधातून नवीन प्रबंधात सूची उतरवली जाते आणि चूकही सोबत येते.

‘ॲग्री.’ नव्हे, ‘ॲग्रिक.’, शेवटी सी पाहिजे. ‘हॉर्ट.’ नव्हे, ‘हॉर्टिक.’, ‘इंडियन जर्नल ऑफ हॉर्टिकल्चर’ म्हणजे ‘इंडियन जे. हॉर्टिक.’ कीटकशास्त्राला ‘एंट.’ लिहितात, पाहिजे ‘एंटोमोल.’ वनस्पतिरोगशास्त्राला ‘फायटोपॅथ.’वर थांबतात, पाहिजे ‘फायटोपॅथोल.’ पशुवैद्यकाचं ‘व्हेटी.’ लिहायची सवय आहे, पाहिजे ‘व्हेट.’ अभियांत्रिकीचा दोन जी असलेला संक्षेप आपल्या सरकारी पाट्यांवर सगळीकडे दिसतो, पण आयएसओ यादीत एकच जी आहे. ‘टेक.’ नव्हे, ‘टेक्नॉल.’ ‘इंटल.’ नव्हे, ‘इंट.’ आणि ‘जर्नल’साठी ‘जर.’ किंवा ‘जौर.’ कुठेच चालत नाही, फक्त ‘जे.’

एका जोडीकडे विशेष लक्ष द्या. ‘ॲनल्स’ आणि ‘ॲन्युअल’ यांचे संक्षेप एका अक्षराने वेगळे आहेत. ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’चा संक्षेप ए-एन-एन, टिंब, आणि मग ‘बॉट.’ ‘ॲन्युअल रिव्ह्यू’मधल्या ‘ॲन्युअल’चा ए-एन-एन-यू, टिंब. यू गळला की ‘वार्षिक आढावा’ मालिकेतला लेख दुसऱ्याच जर्नलच्या नावावर जातो. तसंच ‘सोशल’ आणि ‘सोसायटी’ दोन्हींचा संक्षेप ‘सोस.’ आहे, त्यामुळे समाजशास्त्राचं जर्नल आहे की एखाद्या संस्थेचं, हे संक्षेपावरून ठरवू नका. ‘ॲग्रिक. फॉर. मीटिओरॉल.’मधला ‘फॉर.’ हा इंग्रजीतला ‘साठी’ नसून ‘फॉरेस्ट’ आहे. जोडशब्द समजून तो काढून टाकला की ते निराळंच नाव होतं.

तयार संक्षेप कुठे पाहायचे

दरवेळी शब्द फोडत बसायला नको. आरोग्य, जीवशास्त्र, अन्नशास्त्र यांतलं जर्नल असेल तर आधी एनएलएम कॅटलॉग उघडा. नोंदीत पूर्ण नाव, एनएलएम संक्षेप, बऱ्याच नोंदींत आयएसओ संक्षेप, सुरू झाल्याचं वर्ष, आयएसएसएन आणि आधीचं किंवा नंतरचं नाव असं सगळं एका पानावर मिळतं. दोन संक्षेप शेजारी असतात म्हणून उतरवताना घाई करू नका. ‘जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट’चा शेवटचा शब्द एनएलएममध्ये ‘ई’ अक्षराने संपतो, आयएसओमध्ये ‘जी’वर संपून टिंब येतं.

रसायन, मृदा, औषधनिर्माण, पदार्थविज्ञान यांसाठी कॅसी. हे शोधसाधन मोफत आहे, खातं काढावं लागत नाही. पूर्ण नाव, संक्षेप किंवा आयएसएसएन यांपैकी काहीही टाकलं तरी चालतं.

वेब ऑफ सायन्समधले संक्षेप मात्र सूचीत थेट चिकटवू नका. ते डेटाबेसच्या सोयीसाठी केलेले आहेत. तिथे शेतीचा संक्षेप ए-जी-आर असा सी शिवाय असतो. म्हैसूरच्या अन्नशास्त्रज्ञांच्या संघटनेचं ‘जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ तिथे शेवटी ‘मिस’ लावून येतं. ते ‘मिस’ म्हणजे म्हैसूर, त्याच नावाच्या दुसऱ्या जर्नलशी गल्लत होऊ नये म्हणून. आयएसओप्रमाणे लिहायचं तर ‘जे. फूड साय. टेक्नॉल.’

भारतातली बरीच शेतीची जर्नलं या कुठल्याच सूचीत नीट सापडत नाहीत. अशा वेळी नॅशनल ॲकॅडमी ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेसची जर्नल-गुणांकनाची यादी, जी ‘नास रेटिंग’ म्हणून सगळ्यांना माहीत आहे, ती पूर्ण नाव आणि आयएसएसएन यांसाठी कामाची आहे. तिथून पूर्ण नाव घ्या आणि संक्षेप एलटीडब्ल्यूएवरून स्वतः बांधा. नागपूरहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ सॉइल्स अँड क्रॉप्स’चा ‘जे. सॉइल्स क्रॉप्स’ असा, ‘जर्नल ऑफ महाराष्ट्र ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीज’चा ‘जे. महाराष्ट्र ॲग्रिक. युनिव्ह.’ असा, ‘जर्नल ऑफ कॉटन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’चा ‘जे. कॉटन रेस. डेव्ह.’ असा. कपाशी, तूर, संत्र्यावर काम करणाऱ्याला हे रोज लागतात.

आयएसएसएनने खात्री करा

नावं सारखी असू शकतात, आयएसएसएन सारखा नसतो. तो आठ अंकी असतो, मध्ये आडवी रेघ. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगळे क्रमांक मिळतात, म्हणून दोन दिसले तरी गोंधळू नका. आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव आणि देश दिसतो.

नेट नसेल तेव्हा क्रमांक निदान नीट उतरवला आहे का, हे कागदावरच तपासता येतं. पहिल्या सात अंकांना डावीकडून 8, 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा, बेरीज करा आणि शेवटचा अंक मिळवा. एकूण बेरजेला 11 ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ‘करंट सायन्स’चा क्रमांक 0011-3891. गुणाकार येतात 0, 0, 6, 5, 12, 24, 18. बेरीज 65, शेवटचा 1 मिळवून 66. भाग जातो, क्रमांक ठीक. शेवटी एक्स असेल तर तो 10 धरायचा. टाइप करताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही बेरीज लगेच पकडते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट जर्नलांच्या जाहिरातींत कधी मनाने बनवलेला क्रमांक असतो, तोही यात बऱ्याचदा उघडा पडतो. पण बेरीज जुळली म्हणून जर्नल खरं ठरत नाही. बनावट जर्नल दुसऱ्याचा खरा क्रमांकही लावतं, म्हणून पोर्टलवर नाव पाहायलाच हवं.

आखूड नावावरून पूर्ण नाव

हे काम जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचं. समोर जुना संदर्भ असतो, त्यात ‘जे. ॲग्रिक. साय.’ एवढंच. केंब्रिजहून 1905 पासून निघणारं ‘जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स’ आहे, आणि त्याच नावाचं एक नवं जर्नल कॅनडातूनही निघतं. कोणतं?

इथे खंड आणि वर्ष यांची सांगड घाला. केंब्रिजच्या जर्नलचा खंड शंभरच्या पुढे 1980 नंतर गेला, कॅनडातल्याचे खंड अजून फार लहान आकड्यांचे आहेत. संदर्भात खंड 110 असेल तर प्रश्न मिटला. जुन्या सूचीत पुढे ‘केंब.’ लिहिलेलं असेल तर तो याच गोंधळावरचा उपाय होता.

भारतीय जर्नलांसाठी हीच युक्ती आणखी सोपी पडते. ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस’ 1931 ला सुरू झालं आणि वर्षाला एक खंड. म्हणजे खंडात 1930 मिळवा, वर्ष येतं: खंड 60 म्हणजे 1990. ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रॉनॉमी’ला 1955 मिळवा, ‘जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ सॉइल सायन्स’ला 1952. संदर्भात ‘खंड 45, 1990’ असं असेल आणि जर्नल ॲग्रिकल्चरल सायन्सेस म्हणून दिलं असेल, तर कुठेतरी गडबड आहे. 45 मध्ये 1955 मिळवले की 2000 येतात, म्हणजे ॲग्रॉनॉमीही जुळत नाही. अशा वेळी खंड चुकला की वर्ष, ते मूळ लेखावरूनच ठरेल. ‘करंट सायन्स’ला ही बेरीज जपून लावा. 1932 पासून बरीच वर्षं वर्षाला एक खंड होता, नंतर वर्षाला दोन झाले.

शोधायचा क्रम असा ठेवा. आधी कॅसीत संक्षेप जसा आहे तसा टाका. नाही मिळाला तर एनएलएम कॅटलॉगमध्ये, संक्षेपानंतर चौकोनी कंसात टी आणि ए ही दोन अक्षरं लिहून, म्हणजे शोध फक्त संक्षेपाच्या रकान्यात होतो. तिथेही नाही, तर पूर्ण संदर्भच क्रॉसरेफ या लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या शोधपट्टीत चिकटवा. लेखकाचं आडनाव, वर्ष, खंड आणि पहिलं पान बरोबर असेल तर डीओआयसकट, म्हणजे त्या लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकासकट, पूर्ण नाव बाहेर येतं. गुगल स्कॉलरचा उपयोग लेख सापडायला करा, नाव उतरवायला नको. तिथे जर्नलचं नाव अर्ध्यात तुटून पुढे तीन टिंबं येतात आणि लोक ती टिंबंही सूचीत उतरवतात.

परभाषेतली जर्नलं वेगळी सांभाळा. सत्येंद्रनाथ बोस यांचा 1924 चा गाजलेला लेख ‘झेड. फिज. 26, 178’ असा दिला जातो. तो ‘झेड.’ म्हणजे झूलॉजी नव्हे, जर्मन ‘त्साइटश्रिफ्ट’, म्हणजे नियतकालिक. प्राणिशास्त्राचा संक्षेप ‘झूल.’ असतो. मेघनाद साहांचा 1920 चा लेख ‘फिल. मॅग.’मध्ये असल्याचं जुन्या पुस्तकांत दिसेल, आजच्या यादीप्रमाणे त्या पहिल्या शब्दाचा संक्षेप ‘फिलॉस.’ होतो. जर्नल तेच: फिलॉसॉफिकल मॅगझिन.

पूर्ण नाव कळल्यावर लेख मिळवायचा तर कृषी महाविद्यालयांत ‘सेरा’, इतर महाविद्यालयांत ‘एन-लिस्ट’ ही ऑनलाइन जर्नलं वाचायची सोय आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. मागणी नोंदवताना संक्षेप देऊ नका, पूर्ण नाव आणि आयएसएसएन द्या.

नाव बदललेली जर्नलं

लेख छापला तेव्हाचं नाव द्यायचं, आजचं नाही. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ 1966 पासून आहे. त्याआधी, 1949 पासून, ते ‘इकॉनॉमिक वीकली’ होतं. वऱ्हाडातल्या शेतजमिनीवरचा 1958 चा लेख ‘इकॉन. पोलिट. वीकली.’च्या (शेवटचा शब्द डब्ल्यू-के-एल-वाय, टिंब) नावावर टाकला तर तो चुकला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ 1988 ला ‘बीएमजे’ झालं, त्यापूर्वीच्या लेखांना जुनंच नाव. बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मधून पुढे विषयवार वेगळी जर्नलं निघाली, त्यामुळे तिथे वर्ष पाहिल्याशिवाय काहीच लिहू नका.

वही आणि संगणक

पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा: पूर्ण नाव, संक्षेप, आयएसएसएन, कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत हे नाव, आणि कुठून तपासलं. पन्नास-साठ जर्नलांत बहुतेक प्रबंध भागतो. एक्सेलमध्ये आयएसएसएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. आडवी रेघ न देता टाकला तर सुरुवातीची शून्यं गळून जातात.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर जर्नलच्या संक्षेपाचा रकाना हाताने भरता येतो. पण वर्डमध्ये दस्तऐवजाच्या पसंतीत ‘मेडलाइन संक्षेप वापरा’ ही खूण चालू असेल तर तुमचा रकाना बाजूला राहतो. भारतीय जर्नलं जास्त असतील तर ती खूण काढा.

वर्डमध्ये ‘जर्नल’ शोधून एकदम ‘जे.’ करू नका. ‘जर्नालिझम’चंही वाटोळं होतं आणि लेखांच्या शीर्षकांतही ते घुसतं. पूर्ण नावाच्या जागी पूर्ण संक्षेप घाला, आणि लांब नावं आधी.

मराठी नियतकालिकांची नावं कापू नका. ‘युगवाणी’, ‘विदर्भ संशोधन मंडळ वार्षिक’ अशी पूर्ण लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला ग्रंथालयाच्या नोंदवहीत सापडतील. प्रबंध मराठीत असून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप होत असेल तर टायपिंगवाल्याला सांगून ठेवा की सगळा मजकूर एकदम निवडून फाँट बदलायचा नाही. रोमन संदर्भांची अक्षरं बदलून काहीतरी भलतंच देवनागरी उमटतं. छपाईला देण्याआधी संदर्भसूचीची पानं तेवढी कागदावर काढून तक्त्याशी ताडून पाहा.